धोंड्याच्या महिन्यात लागलेला दिवा

"बजरंगला पाठवला?" राजेश्रीच्या हातातलं लाटणं जागच्या जागी थांबलं. "कामून पाठवला?"

"अगं, त्याला इंजिनातलं कळतं. ट्रॅक्टर स्वतः खोलून बसतो तो," जीवन म्हणाला. "म्हणलं, दिव्याचा व्हिडिओ पाठवावा, काहीतरी सांगंल."

"एकच पाठवला का?"

"एक काल. दोन आज." जीवननं जरा विचार केला. "अन् परवाचा एक."

राजेश्रीनं गॅस बारीक केला. बायकोनं बोलण्याआधी गॅस बारीक केला की पुढचं बोलणं लांबणार, एवढं जीवनला लग्नाच्या इतक्या वर्षांत समजलं होतं. तो मुकाट्यानं स्टुलावर बसला.

प्रकरण त्याच्या गाडीचं होतं. गाडी दुसऱ्याच्या हातची घेतलेली, पण तब्येतीनं ठणठणीत. फक्त समोरच्या काट्यांच्या मधोमध इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा होता, तो लागायचा. बरं, लागायचा तर लागून तरी राहावं ना! तसंही नाही. वसमत रोडला लागायचा, जिंतूर रोडला विझायचा. कॉलेजला जाताना लागायचा, येताना गायब. गॅरेजच्या दारात गाडी उभी केली की मास्तर वर्गात आल्यावर गप्प बसणाऱ्या पोरासारखा चिडीचूप. गॅरेजवाला म्हणायचा, "सर, दिवा लागला की आणा." जीवन म्हणायचा, "लागलेलाच आणला होता हो, तुमच्या दारात विझला." त्यावर गॅरेजवाला हात जोडून म्हणाला होता, "मंग रोज दारावरून चक्कर मारत जा. दुसरं काय करणार?" पुरावा म्हणून जीवननं दिव्याचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली, आणि काढलेले व्हिडिओ कुणाला तरी दाखवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. म्हणून त्यानं ते मेव्हण्याला पाठवले.

"महिना कोणता चालू हाय?" राजेश्रीनं विचारलं.

"मे."

"इंग्रजी न्हाई, आपला."

जीवननं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. अधिक महिना लागला होता. तीन वर्षांनी येणारा धोंड्याचा महिना! सासरवाडीनं जावयाला बोलवायचं, पाटावर बसवून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं ताट द्यायचं, आणि ऐपतीप्रमाणं वर काहीतरी वाण द्यायचं. त्या ऐपतीवर आणि त्या काहीतरीवर परभणी जिल्ह्यात दर तीन वर्षांनी किती घरांत रुसवेफुगवे होतात, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

"धोंड्याच्या महिन्यात जावयानं सासरवाडीला गाडीचं रडगाणं सांगायचं म्हंजे काय व्हतंय, कळायलंय का तुमाला?" राजेश्री म्हणाली. "आमचे दत्तराव दाजी आठवा. मागच्या धोंड्याला काय म्हणले होते? 'मला काही नको मामा, फक्त मोटारसायकलची किक बसंना गेली.' आन् काय झालं?"

काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. थोरले जावई दत्तराव त्या वर्षी धोंडे खाऊन नव्या मोटारसायकलवर परत गेले होते. दत्तरावांनी जन्मात कधी काही मागितलं नाही. ते फक्त तक्रार करायचे, तीही हसत हसत, आणि शेवटी 'मला काही नको' असं न चुकता म्हणायचे.

जीवनच्या अंगाला दरदरून घाम फुटला. कारण जीवन म्हणजे दत्तराव नव्हे. तो कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा आणि हुंड्याविरुद्ध बोलायचा. नुसता बोलायचा नाही, त्यानं करून दाखवलं होतं. लग्नात सासऱ्याकडून फक्त नारळ आणि टोपी घेतली होती. त्याची फोटोसकट बातमी छापून आली होती, आणि ते कात्रण काचेत मढवून बैठकीत अशा जागी लावलं होतं, की पाहुण्यानं चहाचा कप तोंडाला लावला की नजर थेट तिथंच जावी. दरवर्षी कॉलेजात पोरांना शपथ द्यायला त्यालाच उभं करायचे. जीवनजवळ मिरवायला जे काही होतं, ते हे एवढं एकच होतं. आणि आता सासरवाडीत म्हणत असतील, की जीवनरावांनी व्हिडिओ काढून गाडी मागितली.

त्यानं लगेच सासऱ्याला, किशनरावांना फोन लावला.

"मामा, ते बजरंगला व्हिडिओ पाठवले होते ना, ते मनावर घेऊ नका."

"हां, दिव्याचे ना? दाखवले की मला," किशनराव मोठ्यानं म्हणाले. त्यांना फोनवर हळू बोलता येत नसे. "बजरंग्या तर लय वेळ बघत बसला होता."

"मामा, गाडी एकदम चांगली आहे. मला काही नको."

"बरं बरं. तुमी धोंड्याला या तर खरं, मंग बघू."

जीवननं फोन ठेवला आणि संभाषण बायकोला जसंच्या तसं सांगितलं. राजेश्रीनं कपाळावर हात मारला.

"'मला काही नको' म्हणलात? अहो, दत्तराव दाजी दुसरं काय म्हणतेत? आन् आबा 'मंग बघू' म्हणले? झालं! आबा असं म्हणले की ते देणारच."

दोन दिवसांनी सासूबाईंचा, बायनाबाईंचा फोन आला. राजेश्रीशी इकडचं तिकडचं बोलता बोलता त्या म्हणाल्या, "बजरंग गाड्याच्या दुकानात आलता की परभणीला, घरी आला न्हाई का गं?" आणि लगेच जीभ चावल्यासारखं त्यांनी लोणच्याचं काढलं. फोन ठेवून राजेश्री तडक जीवनपाशी आली.

"गाडी घ्यायलेत," ती म्हणाली.

"बजरंगसाठी असंल. ऊस चांगला झालाय यंदा."

"अधिकात? अधिकात कुणी सोतासाठी गाडी घेतंय का? घरात झाडू नवा आणत न्हाईत लोकं. या महिन्यात जे घ्यायचं ते द्यायलाच घेतेत."

या तर्कापुढं राज्यशास्त्राचं काही चाललं नाही. जीवनला रात्रभर डोळ्यांसमोर बातमी दिसत होती, आणि या खेपेला फोटोत तो टोपी घालून नव्या गाडीला टेकून उभा होता. सकाळी त्यानं दुसरा फोन केला. लाज वाटली की जीवनची भाषा छापील व्हायची. "मामा, काही अपरिहार्य कारणामुळे आम्ही या वर्षी धोंड्याला उपस्थित राहू शकत नाही," असं तो एका दमात म्हणाला.

पलीकडून फोन बंद झाला.

"आता काय म्हणले तुमी?" राजेश्रीनं विचारलं, आणि ऐकून ती खाली बसली. "अहो, याला रुसणं म्हणतेत! जावई रुसला म्हणून गावभर होईल आता. आता ते समजूत काढायला येतील बगा."

आणि ते आलेच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं किशनराव आणि राजेश्रीचे मामा दिनकरराव हजर झाले. दिनकरराव म्हणजे रुसलेल्या जावयांचे खास जाणकार. पंचक्रोशीत कुठंही जावई फुगला, की त्यांना बोलावणं जायचं. स्टँडवरून त्यांना आणायला जीवन गाडी घेऊन निघाला. निघताना चावी फिरवली, तर दिवा ढणढणीत पेटलेला! आज तो विझणं गरजेचं होतं. गाडी चांगली आहे, हे डोळ्यांनी दाखवलं की विषयच मिटला असता. त्यानं गाडी बंद केली, चालू केली, पुन्हा बंद केली. दिवा काही हटेना.

जीवन घरात पळाला, आरशावरची राजेश्रीची एक मोठी मरून टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली. काम फक्कड झालं. लांबून पाहिलं तर गाडीला कुंकू लावल्यासारखं वाटत होतं.

स्टँडवर दिनकरराव हट्टानं पुढं बसले. जीवन उड्डाणपुलावरून गाडी नेत म्हणाला, "बघा मामा, कशी लोण्यासारखी चालते. काही आवाज नाही, काही नाही."

"गाडी झ्याक हाय," दिनकरराव म्हणाले, आणि पुढं वाकून त्यांनी काट्यांकडं पाहिलं. "इथं टिकली कामून लावली?"

"ती... राजेश्रीनं. श्रद्धा असते एकेकाची."

"सवाष्णीची टिकली अशी वाकडी असू न्हाई," असं म्हणत दिनकररावांनी ती सरळ करायला हात घातला. टिकली त्यांच्या बोटाला चिकटून आली, आणि खालून दिवा लख्ख पेटला. दिनकररावांनी आधी दिव्याकडं पाहिलं, मग बोटावरच्या टिकलीकडं, मग मागं वळून किशनरावांकडं. जीवनचे कान तापले. जमीन दुभंगावी असं त्याला वाटलं, पण गाडी पुलावर होती.

घरी चहा पिताना दोघं म्हातारे बाल्कनीत जाऊन काहीतरी कुजबुजले. जीवनला फक्त "जावयाच्या हातानं" आणि "गाडी" एवढे दोन शब्द ऐकू आले. परत येऊन किशनरावांनी जीवनचे दोन्ही हात हातात घेतले. "जीवनराव, मनात काही ठेवू नका. तुमी आलेच पाह्यजे. तुमच्याबिगर आमचं काम अडायलंय."

एवढा म्हातारा माणूस हात धरून बोलतो म्हटल्यावर जीवन विरघळला. त्यानं यायचं कबूल केलं. पण पाहुणे गेल्यावर तो राजेश्रीला म्हणाला, "जाऊ. पण गाडी पुढं केली, की चार लोकांत सरळ नाही म्हणणार. एकदाच सगळ्या गावाला कळू दे, की हा जावई दत्तरावांसारखा नाही." मग चार दिवस तो न्हाणीघरात भाषणाची तयारी करत होता.

किशनरावांचं गाव गंगाखेडच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत. पोखर्णीपर्यंत दिवा विझलेला होता, पुढं लागला, गावाच्या कमानीत पुन्हा विझला. जीवनचं आता त्याच्याकडं लक्ष नव्हतं. कारण सासऱ्याच्या अंगणात, मांडवाच्या कडेला ती उभी होती. पांढरीशुभ्र, कोरी गाडी. समोर झेंडूचा हार, काचेवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक.

राजेश्री आईला भेटायला आत गेली. अंगणात माणसं सतरंज्या टाकत होती, जीवनकडं कुणाचं लक्ष नव्हतं. तो सहज म्हणून गाडीजवळ गेला. दारावरून त्यानं हात फिरवला. काचेला नाक लावून आत पाहिलं. सीटवर अजून प्लास्टिक होतं, आणि काट्यांच्या जागी एकही दिवा लागलेला नव्हता. या गाडीतून आपण कॉलेजच्या फाटकात शिरतोय, शिपाई धावत येऊन फाटक उघडतोय आणि प्राचार्य खिडकीतून बघतायत, असं सगळं त्याला एका क्षणात दिसलं. मग काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसलं. हावरट, चक्क हावरट तोंड होतं ते! जीवन विंचू चावल्यासारखा मागं सरला. छी छी, कात्रण मढवून बैठकीत लावणारा माणूस तो, आणि मनात हे? त्याला स्वतःची इतकी शरम वाटली, की भाषण दुप्पट जोरात करायचं त्यानं तिथंच ठरवलं.

पंगत बसली. दोन्ही जावई पाटावर शेजारी शेजारी. दत्तराव धोंड्यांवर तुपाची धार धरत हसून सांगत होते, "मला काही नको, पण बोअरची मोटर लय तकलीफ देयलीय." जीवन मनातल्या मनात भाषणाची उजळणी करत होता. शेवटी किशनराव उठले. हातात ताट, ताटात नारळ, कुंकू, लिंबं, आणि मधोमध गाडीची चावी. सारा मांडव बघायला लागला. किशनराव जीवनसमोर येऊन म्हणाले, "जीवनराव, हे घ्या. आता तुमच्या हातानं..."

"थांबा मामा!"

जीवन ताडकन उठला. पाट मागं सरकला.

"मामा, आपला आदर राखून मी सांगतो, की ही गाडी मी घेणार नाही! मंडळी, धोंड्याच्या नावाखाली आपण जे देतो, तो हुंडाच आहे. बापानं लेक दिली, त्याहून मोठं वाण या जगात नाही. माझी गाडी जुनी असेल, तिचा दिवा लागत असेल, पण माझा स्वाभिमान विझलेला नाही! मी लग्नात नारळ आणि टोपी घेतली होती. आजही मी या ताटातला फक्त नारळ घेईन!"

असं म्हणून त्यानं ताटातला नारळ उचलला आणि टाळ्यांची वाट पाहत उभा राहिला.

टाळी वाजेना. आतल्या दारात बायनाबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. बजरंग जीवनजवळ आला आणि त्याच्या कानाशी हळूच म्हणाला, "दाजी, नारळच द्यायचा होता. गाडीपुढं फोडायला."

"काय?"

"गाडी माझी हाय, दाजी. अधिकात घ्यायची न्हाई म्हणतेत, पण दुकानात ही एकच तयार होती, सोडली असती तर गेली असती. मंग गुरुजी म्हणले, या महिन्यात जावई म्हंजे नारायण, त्याच्या हातानं नारळ फुटला की दोष न्हाई. तुमी न्हाई म्हणलात तवा दिनकरमामाला पाठवलं त्यापायी. थोरल्या दाजीच्या हातात चावी दिली तर वापस येती का?" बजरंगनं गाडीकडं एकवार पाहिलं. "तुमचे व्हिडिओ बघूनच तर मी तुमच्यावाली कंपनी सोडली आन् ही घेतली."

जीवनला वाटलं, नारळ आपल्याच डोक्यात फोडून घ्यावा. मांडवात मागं बसलेले लोक विचारायला लागले, "काय म्हणले? कुणाची गाडी?" कुणीतरी फिसकन हसलं. जीवननं मान खाली घातली. दारात उभ्या राजेश्रीचे डोळे भरले होते, आणि ते किशनरावांनी पाहिलं.

किशनराव खाकरले. ताट खाली ठेवून त्यांनी जीवनच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या फोनवरच्या आवाजात म्हणाले, "मंडळी, ऐकलं का? मीच म्हणलो होतो, गाडी घ्या म्हणून! लय आग्रह केला. पण न्हाई म्हणले! असा जावई भाग्यानं मिळतो!"

आता टाळ्या पडल्या. अशा पडल्या की झाडावरचे कावळे उडाले. दिनकररावांनी उपरण्यानं डोळे पुसले. जीवनला मात्र प्रत्येक टाळी मुस्काटात बसल्यासारखी वाटत होती. आणि बजरंग बापाकडं असा बघत होता, जणू आबानं आपल्याला भरल्या बाजारात विकलं.

टाळ्या थांबल्या, तेव्हा लक्षात आलं, की एकाच माणसानं टाळी वाजवली नव्हती. दत्तरावांनी ताटातच हात धुतला होता.

"अर्पिता," ते बायकोला म्हणाले, "चल."

"अहो दत्तराव, काय झालं?" किशनराव घाबरले.

"काही न्हाई. मला काही नको." दत्तराव हसले. "थोरले आमी. आमाला मोटारसायकल, आन् धाकट्याला चार चाकं. आमी कवा तक्रार केली का? आता ते नको म्हणायलेत तर गाडी काय उन्हात वाळवायची का, एवढंच मनात आलं."

बजरंग जाऊन गाडीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. चेहरा पांढराफटक, गाडीच्याच रंगाचा. किशनराव एकदा बजरंगकडं, एकदा जीवनकडं बघू लागले. दिल्या शब्दात ते असे अडकले होते, की आता खरं सांगावं तर धाकट्या जावयाची अब्रू जाणार, आणि न सांगावं तर पोराची गाडी.

जीवननं हे सगळं पाहिलं. तो म्हातारा आपल्यासाठी भरल्या मांडवात खोटं बोलला, आणि आपण नारळ धरून उभे आहोत! त्याचं त्यालाच सहन होईना.

"मंडळी!" तो ओरडला. या वेळी छापील भाषा आली नाही. "मामा खोटं बोलायलेत. मला कुणी गाडी दिली न्हाई. गाडी बजरंगची हाय. मीच येड्यासारखं समजून बसलो, की मला देयलेत. मला लाज वाटायलीय. मला माफ करा."

मग दिनकररावांना हुंदका फुटला.

"बगा! बगा रे लोकहो! सासऱ्यावर थोरल्या जावयाचं संकट आलं, तर सोताला येडं म्हणून घ्यायलेत! कुठं मिळतो असा माणूस?"

"नाही हो मामा, खरंच..."

"खरंच म्हणायलेत!" मागून कुणीतरी कौतुकानं म्हणालं. पुन्हा टाळ्या पडल्या. एक म्हातारी उठून जीवनची दृष्ट काढून गेली. जीवन जितकं खरं बोलत होता, तितका लोकांच्या नजरेत मोठा होत होता, आणि तितकीच त्याची मान खाली जात होती.

"मामा, तुम्ही तरी सांगा," तो किशनरावांपुढं काकुळतीला येऊन म्हणाला.

"आता माझं कोण ऐकतंय?" किशनराव हळूच म्हणाले. ते आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलले असावेत.

दत्तराव अजून अंगणातच होते. जायला निघालेला माणूस इतका वेळ चप्पल शोधत नाही. जीवननं एकदा बजरंगकडं पाहिलं, मग खिशात हात घातला, आपल्या गाडीची चावी काढली आणि दत्तरावांपुढं धरली.

"दत्तराव, थोरले तुम्ही. तुमचा मान पहिला. ही माझी गाडी न्या."

"न्हाई, न्हाई! मला काही नको," दत्तराव म्हणाले. चावी तोपर्यंत त्यांच्या मुठीत गेली होती.

"तिचा एक दिवा लागतो हं अधूनमधून."

"लागू द्या की. मामा हायेत ना आपले," दत्तराव प्रसन्न होऊन म्हणाले.

राजेश्रीनं हे दारातून पाहिलं, आणि ती पदर खोचून आत निघून गेली. जीवनला त्या खोचलेल्या पदराचीच जास्त भीती वाटली.

मग एकदाचा नारळ फुटला. पहिल्या दोन फटक्यांना नारळ नुसताच टणकन वाजला. बजरंग मनातल्या मनात देवाचं नाव घेत उभा होता. तिसऱ्याला फुटला. पाणी बोनेटवर उडालं, आणि बजरंगनं खांद्यावरचा टॉवेल काढून ते लगेच पुसून घेतलं.

ऊन कललं, तसं निघायची वेळ झाली. आपली गाडी तर दत्तराव केव्हाच घेऊन गेले होते. बजरंग म्हणाला, "दाजी, मी सोडतो परभणीला." त्यामुळं जी गाडी घेणार नाही म्हणून जीवन गरजला होता, तिच्याच मागच्या सीटवर तो आणि राजेश्री प्लास्टिकचा आवाज करत बसले. मांडीवर अनारशांचं ताट होतं. किशनराव खिडकीशी वाकले.

"मामा, मी तुम्हाला तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नाही," जीवन म्हणाला. "तुम्हाला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं."

"तुमच्यासाठी कुठं?" किशनराव म्हणाले. "जावयाची मान चार लोकांत खाली गेली, तर माझ्या लेकीची वर राहती का? जाऊ द्या. आन् पुढच्या धोंड्याला रुसू नका."

गाडी निघाली. इतकी गुळगुळीत, की उसाचे फड आवाज न करता मागं जात होते. पोखर्णीचा फाटा मागं पडला. जीवननं तिच्याकडं चोरून पाहिलं. ती नव्या दाराच्या कातड्यावरून बोट फिरवत होती.

"एक इचारू?" ती अगदी हळू म्हणाली. "खरं सांगा. अंगणात गाडी बघितली तवा, एक घडीभर तरी, तुमच्या मनात आलं होतं का न्हाई?"

जीवनचा चेहरा लालेलाल झाला. आज सबंध दिवसात त्यानं जे सांगितलं, ते कुणी खरं मानलं नव्हतं. हे मानलं जाईल, याची त्याला खात्री होती.

"आलं होतं," तो म्हणाला. "म्हणून तर एवढा ओरडलो."

राजेश्रीनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"माझ्या बी आलं होतं," ती म्हणाली. "पांढरा रंग लय आवडला मला."

पुढून बजरंगनं आरशात पाहिलं. दोन्ही हातांनी त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

"अक्का," तो म्हणाला, "मला ऐकू यायलंय."